अव्यवस्थित सेंद्रिय अर्धवाहकांतील ऊर्जेचे संक्रमण

सिलिकनच्या स्फटिकात प्रकाशाने विलग झालेला इलेक्ट्रॉन व त्याची रिक्त जागा ही सामान्य तापमानास परस्परांपासून सहज मुक्त होतात. सेंद्रिय अर्धवाहकांत तसे घडत नाही. त्यांचा परावैद्युतांक अवघा ३ ते ४ असल्याने दोहोंतील आकर्षण प्रबळ राहते. या बद्ध जोडीस एक्सायटॉन म्हणतात. ही कल्पना फ्रेंकेल यांनी १९३१ मध्ये मांडली. जोडीची बंधनऊर्जा बहुधा ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक, तर सामान्य तापमानाची औष्णिक ऊर्जा केवळ ०.०२५. म्हणून ऊर्जेचा प्रवास होतो तो या जोडीच्याच रूपाने.

हा प्रवास म्हणजे रेणूवरून रेणूवर घेतलेल्या उड्यांची मालिका होय. फोर्स्टर यांच्या १९४८ च्या उपपत्तीनुसार दोन रेणूंच्या द्विध्रुवांतील आंतरक्रियेमुळे, प्रकाश बाहेर न पडताच, ऊर्जा संक्रमित होते. तिचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर दुप्पट झाल्यास वेग चौसष्टांश होतो. डेक्स्टर यांनी १९५३ मध्ये वर्णिलेली इलेक्ट्रॉन-विनिमयाची रीत मात्र रेणू अगदी निकट असतील तरच संभवते. त्रिक अवस्थेतील एक्सायटॉन मुख्यतः याच रीतीने सरकतात.

पटलातील प्रत्येक रेणूचा परिसर भिन्न असल्याने त्यांच्या उत्तेजन-ऊर्जाही भिन्न असतात. त्यांचे वितरण साधारणतः गाउसीय मानले जाते. आरंभी एक्सायटॉन कमी ऊर्जेच्या शेजाऱ्यांकडे वेगाने उतरतो. त्यामुळे उत्सर्जित प्रकाश कालपरत्वे तांबड्या बाजूस सरकतो. परंतु जसजसा तो खाली जातो, तसतशी त्याहून खालची स्थाने विरळ होतात. मग वर चढण्यास उष्णतेचे साहाय्य लागते. वितरणाचे प्रमाणविचलन ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरल्यास, समतोलातील सरासरी ऊर्जा मध्यापासून ०.१ ने, म्हणजे दोन विचलनांनी, खाली येते. इतकी खोल स्थाने शेकडा सुमारे २.३ एवढीच असतात. नीच तापमानास प्रवास येथेच खुंटतो.

याचा परिणाम सौरघटांत दिसतो. एकक अवस्थेतील एक्सायटॉनाचे आयुष्य सुमारे एक नॅनोसेकंद, आणि त्या अवधीतील मजल पुष्कळदा १० नॅनोमीटरच्या आसपास. उलट प्रकाश पुरेसा शोषण्यास सुमारे १०० नॅनोमीटर जाडी लागते. टँग यांच्या १९८६ च्या द्विस्तरीय घटाची कार्यक्षमता सुमारे एक टक्का होती. सीमेलगत पोचलेल्या एक्सायटॉनांचाच त्यात उपयोग होई. १९९५ मध्ये दाता व ग्राहक द्रव्ये परस्परांत मिसळून सीमाच एक्सायटॉनाजवळ नेण्यात आली. तथापि मिश्रणामुळे मूळ मर्यादा टळते, नाहीशी होत नाही. ही मजल द्रव्याचा अचल स्थिरांक नसून अव्यवस्था व तापमान यांवर अवलंबून असते, हे मोजमापांचा अर्थ लावताना ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.