बाटली छोट्यांची, नाक आपलं

मॉलमधल्या परफ्यूम काउंटरसमोर उभं असलेलं कॉलेजचं पब्लिक लांबूनही ओळखू येतं. मनगटावर फुकटचा एक फवारा मारून घ्यायचा, चेहऱ्यावर ‘विचार करून सांगतो’ असा भाव आणायचा आणि किमतीचं लेबल दिसलं की हळूच सटकायचं. चार-पाच हजारांची बाटली म्हणजे अख्ख्या सेमिस्टरचा वडापाव आणि मोबाइलचा रिचार्ज! मग आपण निमूटपणे डिओवर भागवतो.

त्याच दुकानात, खेळण्यांच्या नाहीतर गिफ्ट सेटच्या आसपास, आणखी एक शेल्फ असतं. तिथे स्पायडरमॅन, हॅलो किटी, ‘फ्रोझन’मधली एल्सा, पिवळे मिनियन्स अशी मंडळी बाटल्यांवर विराजमान असतात. किंमत आपल्या आवाक्यातली, बाटली गोंडस आणि लेबलवर चक्क ‘ओ द त्वालेत’ असं भारदस्त फ्रेंच नाव. आपण मात्र ‘ई, हे तर छोट्या मुलांचं’ म्हणून पुढे जातो.

आम्ही पुढे गेलो नाही. चौघांनी वर्गणी काढली, एका बाटलीला जास्तीत जास्त पाचशे रुपये अशी मर्यादा घातली आणि पाच बाटल्या आणल्या. दोन मॉलमधून, दोन ऑनलाइन आणि एक रस्त्यावरच्या स्टॉलवरून. प्रश्न साधा होता. कार्टूनचं चित्र झाकलं, तर आत नेमकं काय उरतं?

डोळे बंद, नाक चालू

चित्र बघून नाक फसतं, म्हणून एकाने कागदाच्या पट्ट्यांवर फवारे मारून मागे फक्त नंबर लिहिले. मुद्दाम त्यात महागड्या परफ्यूमच्या दोन छोट्या सँपलच्या पट्ट्याही मिसळल्या. एका वेळी तीनच वास घ्यायचे. पाच मिनिटांनी, तासाने आणि चार तासांनी पुन्हा हुंगायचं आणि मधल्या वेळेत गॅलरीत जाऊन मोकळी हवा खायची. एकाच कॅरेक्टरचा परवाना वेगवेगळ्या कंपन्या घेतात आणि वासही बदलत राहतात. त्यामुळे निकाल कंपनीचा नाही, आमच्या हातातल्या बाटलीचा आहे.

राजकन्येची गुलाबी बाटली : पहिल्या फवाऱ्यालाच जत्रेत पोचवते. स्ट्रॉबेरी, व्हॅनिला आणि भरपूर ‘बुढ्ढी के बाल’. तासाभराने साखर उतरते आणि धुतलेल्या कपड्यांसारखा मऊ वास राहतो. गंमत म्हणजे चित्र झाकलेलं असताना ही पट्टी सगळ्यात जास्त आवडली ती आमच्यातल्या जिम करणाऱ्या गड्याला.

बर्फाच्या राणीची निळी बाटली : नासपती, थोडी ओली फुलं आणि पाठोपाठ आंघोळीच्या साबणाचा स्वच्छ वास. आठच्या लेक्चरला मारून जावा असा. कुणाच्या नाकात शिरत नाही, कुणाला त्रास देत नाही. पण दुसऱ्या लेक्चरपर्यंत राणी निघून गेलेली असते.

सुपरहिरोची लाल बाटली : लिंबू, लॅव्हेंडर आणि मग... बाबांचं दाढीचं क्रीम! हसू आलं, पण यामागे इतिहास आहे. लॅव्हेंडर आणि कुमारिन यांची ही जोडी पुरुषांच्या परफ्यूममध्ये १८८२ च्या ‘फुजेर रोयाल’पासून चालत आलीये. म्हणजे सात वर्षांच्या पोराला सुपरहिरोच्या नावाखाली मोठ्या माणसाच्याच वासाची छोटी आवृत्ती विकली जाते. मुलीला साखर, मुलाला शेव्हिंग क्रीम. ही वाटणी बाटलीतला द्रव करत नाही, बाटलीवरचं चित्र करतं.

पिवळी, केळ्याची बाटली : हिने सगळ्यांना एकदम लहानपणी नेलं. तापात आई चमच्याने पाजायची ना, ते गोड औषध, तोच वास. दोन्हींमागचं रसायन बहुधा एकच, आयसोअमाइल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्यातही ते असतं. लावून बाहेर जायची हिंमत कुणाची झाली नाही, पण पट्टी सगळ्यांनी पुन्हा पुन्हा मागून घेतली.

स्टॉलवरची बाटली : हिच्याबद्दल पुढे बोलू.

महाग वास, स्वस्त वास

आता खरी मजा. दोन महागड्या सँपलपैकी एक गोडसर होतं. पहिल्या दहा मिनिटांत चौघांपैकी दोघांनी ते आणि राजकन्येची बाटली यांची अदलाबदल केली! ‘हे नक्की ब्रँडेड’ असं ज्या पट्टीबद्दल छातीठोकपणे सांगितलं, ती तीनशे रुपयांची निघाली.

हे वाटतं तितकं अचाट नाही. ‘बुढ्ढी के बाल’चा तो वास येतो एथिल माल्टॉल नावाच्या रसायनातून. १९९२ मध्ये म्युग्लर या फॅशन हाउसचा ‘एंजल’ हा परफ्यूम आला, त्यात हेच रसायन सढळ हाताने वापरलं होतं. त्याआधी मोठ्यांच्या महागड्या परफ्यूमला जत्रेतल्या मिठाईसारखा वास असावा, ही कल्पनाच विचित्र वाटायची. ‘एंजल’ तुफान चालला आणि खाऊच्या वासांची एक अख्खी शाखा उभी राहिली. आज मोठ्यांच्या शेल्फवर कॅरॅमल, चॉकलेट, व्हॅनिला दिमाखात बसलेत. छोट्यांच्या शेल्फवर तेच बसले की आपण नाक मुरडतो.

मग महागड्या बाटलीचे पैसे जातात कुठे? चार तासांनी त्याचं अर्धं उत्तर मिळालं. आमच्या चारही पट्ट्या तोवर जवळपास कोऱ्या झाल्या होत्या. महाग पट्ट्यांवर मात्र वास टिकून होता आणि बदललाही होता. आधी फळं, मग फुलं, शेवटी लाकूड. लिंबू-संत्र्याच्या वासाचे रेणू हलके असतात, ते पटकन उडून जातात. लाकूड, राळ, कस्तुरीसारखे वास जड असतात, ते मागे रेंगाळतात. स्वस्त बाटलीत हलक्यांची गर्दी असते आणि मागे राहणारे मोजकेच. शिवाय सुगंधी अर्काचं प्रमाणही महत्त्वाचं. साधारणपणे कोलोनमध्ये ते २ ते ५ टक्के, ओ द त्वालेतमध्ये ५ ते १५ टक्के आणि ओ द परफ्यूममध्ये १५ ते २० टक्के धरतात. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे जाहिरात, काच आणि नाव. नावाचे पैसे तर एल्सा आणि स्पायडरमॅनही घेतात. त्याला रॉयल्टी म्हणतात.

थोडक्यात, पहिला अर्धा तास स्वस्त आणि महाग यांच्यात फार फरक नसतो. महागाई सुरू होते त्यानंतर.

पोरांना परफ्यूम लागतोच कशाला?

हा प्रश्न आमच्या एका मैत्रिणीच्या आईने विचारला आणि तो रास्त आहे. पण स्पेनमध्ये हा प्रश्न कुणाला पडत नाही. तिथे बाळाला आंघोळीनंतर हलकं कोलोन लावणं ही घराघरातली रीत आहे. लॅटिन अमेरिकेतही तेच. कार्टूनवाले परफ्यूम बनवणारी ‘एअर-व्हाल’ ही कंपनी बार्सिलोनाची आहे, यात म्हणूनच नवल नाही. मुळात कोलोन हा प्रकारच लिंबूवर्गीय आणि हलका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात योहान मारिया फारिनाने सुगंधाचा धंदा सुरू केला आणि त्याच्या पाण्याला शहराचंच नाव चिकटलं.

आपल्याकडे बाळाचा वास वेगळा. तेलाने माखलेली टाळू, वेखंडाची पूड, ओव्याची धुरी. (धुरीच्या धुराला आता बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, ते ऐकायलाच हवं.) लग्नाकार्यात मनगटाला अत्तराचा फाया फिरवून घ्यायला पोरं रांगेत सगळ्यात पुढे. म्हणजे पोरांना वासाची हौस आपल्याकडेही आहेच. फरक इतकाच, की फाया मोठ्यांच्या हातात असायचा आणि स्प्रेची बाटली पोरांच्या हातात जाते.

आणि खरी काळजी तिथेच आहे. ‘छोट्यांसाठी’ लिहिलंय म्हणजे ते पाण्याइतकं निरुपद्रवी, असं अजिबात नाही. मागची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक बाटल्यांवर पहिलंच नाव असतं ‘अल्कोहोल डिनॅट.’ म्हणजे पिण्यालायक राहू नये असं केलेलं अल्कोहोल. त्यासाठी बऱ्याचदा डिनॅटोनियम नावाचा जहाल कडू पदार्थ मिसळतात. पण तीन वर्षांचं पोर घोट घेण्याआधी लेबल वाचत नाही. लहान मुलाच्या पोटात असं अल्कोहोल गेलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. केळ्याचा वास, जांभळं झाकण, खेळण्यासारखी बाटली... पोराने ती तोंडाला का लावू नये, सांगा! शिवाय हे ज्वलनशील. दिवाळीत नव्या कपड्यांवर फसाफसा मारून लगेच फुलबाजी हातात देणं म्हणजे संकटाला बोलावणं.

दुसरी गोष्ट त्वचेची. लेबलवर शेवटी लिमोनीन, लिनालूल, सिट्रोनेलॉल, जेरानिऑल अशी नावं दिसतात. ही विषं नाहीत, लिंबाच्या सालीत आणि गुलाबातही असतात. पण काहींना त्यांची ॲलर्जी होते, म्हणून युरोपात ती नावानिशी लिहावी लागतात. आधी अशी २६ नावं होती. २०२३ च्या नव्या नियमाने ती ऐंशीच्या वर गेली. गंमत बघा. युरोपच्या खेळण्यांच्या २००९ च्या नियमांत ५५ सुगंधी पदार्थांवर बंदी घातली होती. पण परफ्यूमची बाटली कितीही खेळण्यासारखी दिसली, तरी तिला नियम लागतात सौंदर्यप्रसाधनांचे.

स्टॉलवरची ती पाचवी

आता तिच्याबद्दल. कॅरेक्टर ओळखीचं, पण चेहरा जरा सुजलेला. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, आयातदाराचं नाव नाही, एमआरपीच्या जागी स्टॉलवाल्याचं पेन. वास? पहिल्या क्षणी नेलपॉलिश, मग काहीच नाही. ही बाटली कुणीही अंगाला लावली नाही. वाईट वासापेक्षा मोठी अडचण ही, की आत काय आहे हे विचारायचं कुणाला?

आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या प्रसाधनांची नोंदणी करावी लागते आणि आयातदाराचं नाव-पत्ता लेबलवर लागतो. तो नसेल, तर बाटली किती क्यूट आहे हे बघूच नका. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर यादीत ‘ब्यूटिलफिनाइल मिथाइलप्रोपिओनल’ हे लांबलचक नाव शोधा. फुलांच्या वासासाठी ते वर्षानुवर्षं वापरलं गेलं, पण प्रजननक्षमतेला अपाय करू शकतं म्हणून युरोपने १ मार्च २०२२ पासून त्यावर बंदी आणली. ते दिसलं तर बाटली परत शेल्फवर.

मग घ्यायचं की नाही?

आमचं मत : स्वतःसाठी, बिनधास्त घ्या. परफ्यूमची आवड असेल पण बजेट नसेल, तर नाक तयार करायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही. मोठ्यांच्या परफ्यूममध्ये वीस वास एकमेकांत गुंतलेले असतात, इथे दोन-तीनच असतात आणि ते सुटे सुटे ओळखता येतात. केळं म्हणजे काय, लॅव्हेंडर म्हणजे काय, ‘साबणासारखा वास’ म्हणजे नेमकं काय, हे एकदा नाकाला कळलं की काउंटरवरचा सेल्समन काहीही सांगो, तुम्ही फसत नाही.

छोट्या भाचीला गिफ्ट द्यायचं असेल, तर मात्र एवढं पाळा :

● अगदी लहान मुलांना नकोच. मोठ्या मुलांनाही बाटली न देता फवारा मारून द्या; बाटली वरच्या कपाटात.

● अंगापेक्षा कपड्यावर, तोही आधी आतल्या शिवणीवर मारून बघा. निळ्या-गुलाबी रंगांचे डाग पडतात.

● चेहरा, मान आणि खाजवलेली त्वचा टाळा. दमा किंवा एक्झिमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

● दिवा, गॅस, फटाके यांच्यापासून लांब.

● घटकांची यादी, बॅच नंबर आणि आयातदार नसलेली बाटली कुणालाच नको.

एक शेवटची गोष्ट. लोकलच्या गर्दीत, हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये, इंटरव्ह्यूच्या वेटिंग रूममध्ये ‘आपल्याला स्वस्त वास येतोय का’ ही धास्ती आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात असते. कपड्यांचा ब्रँड लपवता येतो, वासाचा येत नाही असं वाटतं. आमच्या पट्ट्यांनी सांगितलं ते उलट. चित्र आणि किंमत झाकली की परफ्यूमवर जीव टाकणारे लोकसुद्धा चुकतात. समोरच्याला कळतं ते इतकंच, की तुम्ही आंघोळ केलीये का आणि फवारे दोन मारलेत की बारा. तेव्हा आंघोळ करा, दोनच फवारे मारा आणि खुशाल जा. बाटलीवर एल्सा होती हे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाच्या बापाला कळणार नाही!