‘चॅरिटी’चं मराठी काय?

‘चॅरिटी’ला मराठी शब्द सांगा असं कुणी म्हटलं, तर आपल्यापैकी बहुतेक जण ‘दानधर्म’ नाहीतर ‘परोपकार’ म्हणतील. उत्तर चूक नाही. चॅरिटी शो, चॅरिटी मॅच, नाताळच्या आधीचा चॅरिटी ड्राइव्ह, सगळीकडे अर्थ एकच: आपल्याजवळचं काही गरजूला देणं.

पण हाच अर्थ मनात धरून १६११ सालचं किंग जेम्स बायबल उघडा. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढा. तिसऱ्याच वचनात आपण अडखळतो. तिथे पौलाचं म्हणणं असं, की जवळचं सगळं गरिबांना वाटून टाकलं, पण चॅरिटी नसली, तर त्याचा काही लाभ नाही. सगळं वाटलं तरी चॅरिटी नाही, हे कसं? याचा अर्थ तिथली चॅरिटी म्हणजे वाटप नव्हे.

पौलाने ग्रीकमध्ये लिहिलेला शब्द आहे ‘अगापे’, म्हणजे मोबदला न मागणारं प्रेम. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने लॅटिन भाषांतर हाती घेतलं. त्या लॅटिन बायबलात या अध्यायात ‘कारितास’ हा शब्द आहे. तो ‘कारुस’वरून आला. कारुस म्हणजे लाडका, आणि कारुस म्हणजे महागसुद्धा. इंग्रजीतल्या ‘डिअर’चे हेच दोन अर्थ. आपल्याकडे ‘माया’ बघा ना: आजी नातवंडांना माया लावते आणि एखादा ठेकेदार भरपूर माया जमवतो! तर कारितास म्हणजे समोरचा माणूस मोलाचा वाटणं. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि ‘चॅरिटी’ झाला.

पुढे या शब्दावरून मोठा वाद झाला. विल्यम टिंडलने १५२६ मध्ये मूळ ग्रीकवरून नवा करार इंग्रजीत छापला आणि ‘चॅरिटी’ काढून ‘लव्ह’ घातलं. थॉमस मोर यांनी १५२९ मध्ये त्यावर टीका केली. त्यांचा मुद्दा असा, की ‘लव्ह’ कुठल्याही प्रेमाला म्हणतात, भलत्यासलत्यालासुद्धा. चॅरिटी म्हणजे फक्त चांगलं, पवित्र प्रेम. टिंडलचं उत्तर होतं, की लोकांच्या रोजच्या बोलण्यात चॅरिटीचा अर्थ भिक्षा देणं वगैरे होतो, मग वाचणाऱ्याला पौल कळणार कसा? आम्हा कॅथलिकांसाठी मोर हे संत आहेत, आणि त्यांची भीती मला समजते. ‘प्रेम’ हा शब्द सिनेमाच्या पोस्टरवर किती स्वस्त होतो ते आपण बघतोच. पण शब्दाच्या वाटचालीबद्दल टिंडलचा अंदाज खरा ठरला.

किंग जेम्स बायबलने या अध्यायात पुन्हा ‘चॅरिटी’ आणलं. गंमत म्हणजे योहानाच्या पहिल्या पत्रात त्याच ‘अगापे’साठी त्यांनी ‘लव्ह’ वापरलंय. १८८१ च्या सुधारित आवृत्तीत तेराव्या अध्यायातही ‘लव्ह’ आलं. तोवर चॅरिटीचा अर्थ दानापुरता आटत चालला होता. १६०१ मध्येच इंग्लंडात धर्मादाय देणग्यांसाठी कायदा झाला होता, म्हणजे कायद्याच्या भाषेत हा शब्द पैशाशी आणि मालमत्तेशी बांधला गेला होता. शेवटी तर इंग्रजीत एखाद्याच्या कोरडेपणाला ‘चॅरिटीसारखा थंड’ म्हणू लागले! प्रेमाच्या शब्दाची ही गत.

जुना अर्थ पूर्ण मेला मात्र नाही. ४ मार्च १८६५ ला, यादवी युद्ध संपत आलेलं असताना, अब्राहम लिंकनने दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होतानाच्या भाषणात हा शब्द वापरला. तिथे देणग्यांचा विषय नव्हता. मनात वैर न ठेवण्याचा होता. एखाद्याच्या लिखाणाचा ‘चॅरिटेबल’ अर्थ लावा असं प्राध्यापक म्हणतात, तेव्हाही तेच: दोष काढायच्या आधी त्याला काय म्हणायचंय ते मोकळ्या मनाने बघा.

आता मराठीकडे या. आपल्याकडे एका शब्दाने भागत नाही, आणि हे बरंच आहे. कायद्यातल्या चॅरिटीला ‘धर्मादाय’. म्हणून ‘चॅरिटी कमिशनर’ म्हणजे धर्मादाय आयुक्त. देण्याच्या कृतीला ‘दान’. देणाऱ्या वृत्तीला ‘दानत’. खिसा भरलेला असूनही दानत नसू शकते. वरून खाली बघणं म्हणजे ‘कीव’. ‘मला तुझी कीव येते’ हे तर भांडणातलं वाक्य. दुसऱ्याचं दुःख आपल्या आत हलतं तो ‘कळवळा’. आणि मराठी बायबलमध्ये तेराव्या अध्यायात शब्द आहे ‘प्रीती’.

म्हणून भाषांतर करताना दरवेळी निवड करावी लागते. मदर तेरेसांनी १९५० मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या ‘मिशनरीज ऑफ चॅरिटी’चं नाव मराठीत ‘दानधर्म’ घालून करून बघा. लगेच खटकतं. तिथे ‘प्रीती’च हवी.

हा नुसता शब्दकोशाचा प्रश्न नाही. मराठीत आणखी एक शब्द आहे, ‘मिंधा’: उपकाराच्या ओझ्याखाली मान खाली घालावी लागलेला माणूस. दानाने माणूस मिंधा होऊ शकतो, किवेने तर होतोच. प्रीतीने होत नाही, कारण तिथे घेणाराही मोलाचा असतो. आपण ब्लँकेटं वाटतो तेव्हा घेणाऱ्याचा हात पुढे धरून फोटो काढतो की त्याला नाव विचारतो, यावरून आपण चॅरिटीचा कोणता अर्थ धरलाय ते कळतं.

या वर्षी नाताळाआधीच्या उपक्रमाचं पोस्टर मराठीत करायचं ठरलं, तर ‘चॅरिटी’च्या जागी कुठला शब्द घालायचा यावर मंडळात चर्चा व्हायला हवी. माझं मत ‘प्रीती’ला. तुमचं वेगळं असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा.