छप्पर आणि तीन भिंती

गॅरेज म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाचा निकाल एकदा थेट सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. मुंबईत दहिसरच्या पांचाली गृहनिर्माण संस्थेत, खांबांवर उभ्या इमारतीखालची पार्किंगची जागा कोणाची, यावरून बिल्डर आणि संस्था यांच्यात वाद होता. बिल्डरचं म्हणणं असं की ही गॅरेजं आहेत आणि ती वेगळी विकता येतात. 2010 साली न्यायालयाने ते फेटाळलं. खांबांमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि ती स्वतंत्रपणे विकताही येत नाही, असा तो निकाल. पुढे 2016 च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्याच घालण्यात आली: वर छप्पर, तीन बाजूंना भिंती आणि आत वाहन ठेवण्याची जागा.

चौथ्या बाजूबद्दल ही व्याख्या काही बोलत नाही. जुन्या बंगल्यांत तिथे दार असतं. दोन फळ्यांचं, लाकडी, खालच्या कडेला पावसाने कुजलेलं, कडीला गंजलेलं कुलूप. आतली गाडी केव्हाच विकली गेलेली असते. तिच्या जागी मुलांच्या लहानपणच्या सायकली, बंद पडलेला कूलर, लग्नकार्यातली मोठी पातेली आणि रद्दीचे गठ्ठे. जमिनीवर इंजिन ऑइलचा काळा डाग मात्र तसाच. दुपारी दार उघडलं की उन्हाचा एक पट्टा आत येतो, त्यात धूळ तरंगताना दिसते, आणि घरातल्या एखाद्याच्या मनात येतं की हे सगळं बाहेर काढलं तर इथे एक लांब टेबल बसेल. सुतारकाम, मातीकाम, चित्रं, रेडिओ दुरुस्ती, नाटकाच्या तालमी, ज्याचं जे राहून गेलं असेल ते.

मराठीत हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. बंगल्यातलं गॅरेज गाडी ठेवण्यासाठी, आणि ‘गाडी गॅरेजला टाकलीय’ म्हटलं की ती मेकॅनिककडे. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ आसऱ्याला ठेवणं असा आहे. आपल्याकडे ठेवण्याची जागा आणि खोलून बघण्याची जागा यांना एकच नाव पडलं, आणि जुन्या गॅरेजची ओढ समजून घ्यायला हा दुसरा अर्थच जास्त उपयोगी आहे.

जगातलं सगळ्यात नावाजलेलं गॅरेज अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावात आहे. ॲडिसन ॲव्हेन्यूवरच्या 367 क्रमांकाच्या घराचा खालचा भाग 1938 साली डेव्हिड पॅकार्ड आणि ल्युसील पॅकार्ड या जोडप्याने भाड्याने घेतला. भाडं महिन्याला 45 डॉलर. पॅकार्ड यांचे मित्र बिल ह्युलेट परसातल्या मातीच्या जमिनीच्या एका खोपट्यात राहायचे. दोघेही स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक फ्रेडरिक टर्मन यांच्या हाताखाली शिकलेले इंजिनिअर. त्यांना हवं होतं ते मागचं गॅरेज, 12 फूट बाय 18 फुटांचं. भांडवल 538 डॉलर, आणि या रकमेत एक वापरलेलं ड्रिलिंग मशीनही धरलेलं होतं.

सुरुवातीला गिऱ्हाईक मागेल ते त्यांनी बनवलं. बोलिंग खेळताना खेळाडूचा पाय रेषेपुढे गेला की खूण देणारं यंत्र, वेधशाळेतली दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरती ठेवणारं यंत्र. मग ह्युलेट यांच्या अभ्यासातून एक ऑसिलेटर तयार झाला. ध्वनियंत्रणा तपासायला ठरावीक पट्टीचा स्वच्छ सूर लागतो. तो देणारी यंत्रं तोवर महाग होती आणि त्यांचा सूर हलायचा. ह्युलेट यांनी त्या मंडलात एक साधा छोटा दिवा बसवला. प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि सूर आपोआप ताब्यात राहतो. काही पैशांच्या दिव्याने हे मोठं काम केलं. यंत्राच्या दर्शनी पट्ट्यांना रंग लावून त्या ल्युसील यांच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये भाजल्या जायच्या. या ऑसिलेटरची सुधारलेली आठ यंत्रं वॉल्ट डिस्नीच्या स्टुडिओने ‘फँटेशिया’ चित्रपटाच्या ध्वनियोजनेसाठी घेतली. 1939 च्या 1 जानेवारीला भागीदारी झाली. आधी कोणाचं नाव लावायचं हे नाणं उडवून ठरवलं आणि ह्युलेट-पॅकार्ड जन्माला आली.

1940 मध्ये जागा पुरेना, म्हणून ते बाहेर पडले. म्हणजे ज्या गॅरेजवर आज ‘सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान’ अशी पाटी आहे, तिथे हे काम दोन वर्षंसुद्धा चाललं नाही. कॅलिफोर्नियाने त्याला 1987 साली ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. 2000 साली कंपनीने तीच जागा विकत घेतली आणि त्यासाठी 17 लाख डॉलर मोजले. आत जाता येत नाही. लोक फुटपाथवर उभे राहून हिरव्या दारांचे फोटो काढतात.

त्या दारांमागे होतं काय? एक टेबल, हत्यारं, आणि रात्री अर्धवट टाकून गेलेलं काम. जुन्या गॅरेजचं खरं सुख या शेवटच्या गोष्टीत आहे. जेवायच्या टेबलावर किंवा पलंगावर मांडलेलं काम आठ वाजता आवरावंच लागतं. ताटं घ्यायची असतात, पाहुणे येणार असतात, ‘हा पसारा आधी उचल’ हे वाक्य ठरलेलं असतं. खोललेल्या घड्याळाचे स्क्रू ज्या क्रमाने मांडले तो क्रम मोडतो. डिंक वाळायच्या आधी लाकूड हलतं. दुसऱ्या दिवशी पहिला तास कालच्या जागी पोचण्यातच जातो. गॅरेजमध्ये दिवा मालवून दार ओढून घेतलं की झालं. सकाळी सगळं तिथेच वाट बघत असतं. घरात राहूनही पसाऱ्याला हक्काची जागा मिळणं ही सर्जनशील कामाची पहिली गरज आहे. सुंदर खुर्च्या आणि भिंतीवरची सुविचारांची चित्रं त्याच्या कितीतरी नंतर येतात.

दुसरी गरज मोडतोडीची मुभा. बोस्टनजवळच्या एमआयटीमध्ये 1943 साली रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने एक लाकडी इमारत उभारली. ती युद्ध संपल्यावर पाडायची होती, पण 1998 पर्यंत उभी राहिली. नाव नव्हतं, नुसता क्रमांक, बिल्डिंग 20. उन्हाळ्यात उकडायची, खिडक्या वाजायच्या. तरी तिथे काम केलेले लोक तिच्याबद्दल हळवे होऊन बोलत, कारण भिंतीतून तार न्यायची असेल तर भोक पाडायला कोणाची परवानगी लागत नसे. भौतिकशास्त्रज्ञ जेरॉल्ड झकारायस यांच्या अणुघड्याळाचं यंत्र उंच होतं, तेव्हा त्यांनी मधले दोन मजलेच कापून काढले. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं ऑफिसही याच इमारतीत होतं. नव्या, गुळगुळीत इमारतीत कोणी खिळासुद्धा ठोकू देत नाही. जुनं गॅरेज आधीच खराब झालेलं असतं, त्यामुळे ते खराब होण्याची भीती कोणाला नसते.

चित्रकार जॅक्सन पोलॉक यांचंही तसंच. न्यूयॉर्कपासून दूर, लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्स या वस्तीत त्यांनी आणि चित्रकार ली क्रॅस्नर यांनी 1945 साली एक घर घेतलं. तिथलं जुनं कोठार पोलॉक यांची चित्रशाळा झालं. कॅनव्हास जमिनीवर पसरून ते वरून रंग सांडत, शिंपडत. उभ्या चौकटीवर ताणलेल्या कापडावर हे जमलं नसतं, आणि दिवाणखान्यात तर कोणी करूच दिलं नसतं. 1953 साली त्या जमिनीवर पातळ बोर्ड ठोकले गेले. पोलॉक गेले, क्रॅस्नरही गेल्या, आणि त्यानंतर 1980 च्या दशकाच्या अखेरीस बोर्ड उचलले तेव्हा खाली कॅनव्हासच्या कडेबाहेर सांडलेले सगळे रंग जसेच्या तसे सापडले. आज ते संग्रहालय आहे. पायात मऊ सपाता चढवून त्या रंगीत जमिनीवरून चालता येतं.

एका माणसाचं मात्र जागेचं माप घ्यायचंच राहून गेलं. डेट्रॉइटमध्ये बॅगली ॲव्हेन्यूवरच्या घरामागे विटांची एक कोळशाची खोली होती. वीज कंपनीतली नोकरी सांभाळून हेन्री फोर्ड तिथे रात्री जागवत पहिली गाडी जुळवत होते. 4 जून 1896 च्या पहाटे ती तयार झाली, तेव्हा ती दारातून बाहेरच येईना. फोर्ड यांनी कुऱ्हाड घेतली आणि दाराशेजारची वीटभिंत फोडली. ते घर पुढे गेलं. त्या जागी 1926 साली झुंबरं आणि नक्षीदार छत असलेलं मिशिगन थिएटर उभं राहिलं. 1976 साली ते बंद पडलं. पाडायला जावं तर लगतच्या इमारतीला धोका, म्हणून त्याच्या पोटात मजले घालून चक्क पार्किंग केलं. आज त्या भव्य छताखाली गाड्या उभ्या असतात, फोर्ड यांनी भिंत फोडली त्याच ठिकाणी.

अशा गोष्टी ऐकून वाटतं, की गॅरेज मिळालं की पुढचं आपोआप होतं. तसं होत नाही. लॉस अल्टोसमधल्या स्टीव्ह जॉब्ज यांच्या घरच्या गॅरेजला 2013 साली गावाने ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. पण ॲपलचे दुसरे संस्थापक स्टीव्ह वॉझनिअक यांनी पुढच्याच वर्षी सांगून टाकलं, की गॅरेजची कथा बरीचशी दंतकथा आहे. आराखडे तिथे झाले नाहीत, उत्पादनही नाही. त्यांचं बरंच काम ह्युलेट-पॅकार्डमधल्या त्यांच्या टेबलावर झालं होतं. पिनो ऑडिया आणि ख्रिस्तोफर रायडर या अभ्यासकांनी 2005 साली हेच मांडलं: उद्योग उभा करणारे लोक बहुतेक वेळा आधी त्याच क्षेत्रातल्या संस्थेत शिकलेले असतात, ओळखी आणि कसब तिथून घेऊन आलेले असतात. ह्युलेट आणि पॅकार्ड यांच्यामागे टर्मन होते, फोर्ड यांच्यामागे वीज कंपनीतला अनुभव. गॅरेजने त्यांना दिला तो स्वस्त वेळ. भाडं जवळपास नाही, त्यामुळे चुकायला सवड.

ती सवड महाराष्ट्रात वेगळ्या जागांनी दिली. मुंबईच्या चाळीत गॅरेज कुठून येणार? 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, 80 रुपये उसने घेऊन. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तो लिज्जत पापड. गच्ची कोणा एकीची नव्हती आणि ऊन फुकट होतं, हे त्या सुरुवातीचं खरं भांडवल म्हणायला हरकत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं उदाहरण तर प्रत्येकाने बघून यावं असं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधले शास्त्रज्ञ. त्यांनी ती नोकरी सोडून 1983 साली या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, परीक्षेत नापास झालेली मुलं इथे वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती हातांनी करत शिकू लागली. 2002 साली एमआयटीने आपल्या आवाराबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे वस्तू घडवून बघायच्या कार्यशाळांपैकी, एक इथे उभी केली. म्हणजे बिल्डिंग 20 ज्या संस्थेत होती, तिचंच एक रोप शिरूर तालुक्यात लागलं. मुंबईत 2013 मध्ये सुरू झालेलं मेकर्स असायलमही याच जातीचं. लाकूडकामापासून इलेक्ट्रॉनिक्सपर्यंतची हत्यारं सगळ्यांनी मिळून वापरायची. पुढे ते गोव्यात गेलं. ज्याच्या घरी गॅरेज नाही, त्याच्यासाठी हा मार्ग उत्तम आहे.

आणि ज्याच्या घरी आहे, त्याने स्वप्न रंगवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. छताचे पत्रे जुने सिमेंटचे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते स्वतः कापू नयेत, भोकं पाडू नयेत. ओल कुठून चढते ते एका पावसाळ्यात पाहून घ्यावं, मगच भिंती रंगवाव्यात. वायरिंग नवं करून अर्थिंग तपासावं. रंग, थिनर, सोल्डरिंग यांचा धूर बाहेर जायला समोरासमोर झरोके हवेत, आणि दार बंद करून आत कधीही इंजिन चालू ठेवू नये, कारण त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उत्तरेकडे खिडकी काढता आली तर चित्रकाराला दिवसभर सारखा उजेड मिळतो. टेबलाची उंची उभं राहून, कोपर दुमडून ठरवावी. बाकी सामान हळूहळू जमतं.

घाई मात्र एका कारणासाठी आहे. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात जुने बंगले पुनर्विकासात जात आहेत, आणि त्यांच्या जागी येणाऱ्या इमारतींखाली खांब असतात, भिंती नसतात. न्यायालयाने 2010 साली ज्याला गॅरेज म्हणायला नकार दिला, तेच आता सगळीकडे आहे. बिल्डरशी करार झाल्यावर घर पाडायला कित्येकदा वर्ष-दोन वर्षं लागतात. तुमच्या घरी असं बंद गॅरेज असेल तर त्या काळापुरतं तरी ते रिकामं करा, आणि शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला किल्ली द्या. ह्युलेट आणि पॅकार्ड यांना दोन वर्षंसुद्धा लागली नव्हती.