बिडावरची रंगीत काच

आंबाडीची भाजी बिडाच्या कढईत शिजवली की काळवंडते आणि जिभेला लोखंडाची चव जाणवते. भाजीतलं आम्ल लोखंड विरघळवतं. म्हणून आपल्याकडे बीड झुणक्याला, फोडणीला, तव्याला. आणि आंबाडी, कढी, चिंचेचं सार स्टीलच्या गंजात. आता त्याच बिडाचा एक जाड, झाकणाचा गंज घ्या, बाहेरून केशरी आणि आतून दुधाळ. त्यात आंबाडी दोन तास रटरटू द्या. रंग हिरवट-पिवळाच राहतो, चव आंबट ती आंबटच. भाजी लोखंडाला शिवलेलीच नसते. मधे काच असते.

केशरी, निळ्या, हिरव्या रंगांची ती महागडी परदेशी भांडी म्हणजे हेच: बिडावर वितळवून बसवलेली काच, अर्थात इनॅमल. फ्रान्सच्या उत्तरेला फ्रेनवा-ल-ग्राँ या गावी 1925 साली आर्मां देझाघेर आणि ऑक्ताव्ह ओबेक या दोन बेल्जियन माणसांनी ले क्रूझे सुरू केली. एकाला ओतकाम येत होतं, दुसऱ्याला इनॅमल. त्यांचा पहिला रंग केशरी होता, मुशीत उकळणाऱ्या लोखंडाच्या रंगावरून घेतलेला. तो अजूनही विकला जातो.

काच आणि लोखंड यांची जोडी जमवणं फार अवघड. वाळूचा साचा करायचा, त्यात चौदाशे अंशांच्या आसपास तापलेलं बीड ओतायचं, थंड झाल्यावर साचा फोडायचा. म्हणजे प्रत्येक भांड्याला नवा साचा. मग पृष्ठभागावर छऱ्यांचा मारा करून तो स्वच्छ करायचा. दुसरीकडे वाळू, बोरॅक्स, सोडा, फेल्डस्पार एकत्र वितळवून ती काच थेट गार पाण्यात ओततात. तिचे तडतडून कण होतात. ते चिकणमाती आणि पाण्याबरोबर दळून पातळ लगदा होतो. तो भांड्यावर फवारायचा, वाळवायचा आणि सुमारे आठशे अंशांना भाजायचा. आधी खालचा थर, मग रंगाचा. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो. भाजताना तो वायू होऊन काचेत बुडबुडे, टाचणीएवढी भोकं पाडू शकतो. भट्टीतून निर्दोष गंज निघायला किती हात आणि किती काळजी लागते, हे कळलं की मला त्या किमतीचा राग येत नाही.

मला सगळ्यांत थक्क करतो तो थंड होतानाचा क्षण. लोखंड काचेपेक्षा जरा जास्त आकसतं. त्यामुळे ते काचेला कायमचं आवळून धरतं. काच दाबाखाली दणकट, ताणाखाली कच्ची. आवळलेली असते म्हणूनच ती वर्षानुवर्षं टिकते. आणि म्हणूनच तापलेल्या गंजावर गार पाणी ओतू नये: वरची काच एकदम आकसते, ताण येतो, तडा जातो. रिकामा गंज मोठ्या आंचेवर ठेवणंही तसंच घातक.

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या माणसाला बिडाची ओळख नव्यानं करून द्यायला नको. इथल्या एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे, आणि ट्रॅक्टरच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचाच असतो. रंगाचीही एक वाट इथून फार लांब नाही. नागपूरहून जबलपूर रस्त्यानं निघालं की मनसर, कांद्री इथे मँगनीजच्या खाणी आहेत. त्या चालवणाऱ्या मॉइल कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे. मँगनीजचं ऑक्साइड काचेला जांभळट-तपकिरी छटा देतं. कोबाल्ट निळा रंग देतो, क्रोमियम हिरवा. झगझगीत लाल-केशरीसाठी कॅडमियम आणि सेलेनियमची संयुगं लागतात. खणून काढलेल्या काळ्या-करड्या दगडांतून असे रंग निघावेत, याचं नवल मला कधी संपत नाही.

आता खिशाकडे येऊ. परदेशी कंपनीचा नवा मोठा गंज कित्येक हजारांना पडतो. पण तो पैसा मुख्यतः ओतकामाचा आणि काचेच्या जोडीचा असतो, शिजवण्याशी रंगाचा काही संबंध नाही. कंपन्या दरवर्षी नवे रंग आणतात, जुने थांबवतात. थांबलेला रंग सवलतीत मिळाला तर तो बिनधास्त घ्यावा. भारतातही आता इनॅमल चढवलेली बिडाची भांडी तयार होतात, परदेशीपेक्षा कितीतरी कमी दरात. पहिलं भांडं त्यातलंच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. घरी मोठ्या आंचेची सवय असेल तर ती मोडायला तेच बरं.

जुनं भांडं घेताना ते खिडकीपाशी, तिरप्या उजेडात धरून बघा. बाहेरच्या बाजूचा टवका दिसायला वाईट, पण चालतो. त्याच्यावरून भाव पाडून मागा. आतला टवका असेल तर ते भांडं स्वयंपाकाला घेऊ नका, कारण काच तिथून पुढे सुटत जाते आणि जेवणात येते. आत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असेल तरी नको. आतली चकाकी गेली, हळदीचे डाग पडले, एवढ्यावर घाबरायचं कारण नाही. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजवलं की डाग बरेचसे फिकटतात. काठ काळा, मंद दिसला तर लोखंड गंजलं किंवा मोडतोड झाली असं समजू नका, पुष्कळ चांगल्या भांड्यांचा काठ तसाच करतात. फ्रान्सच्याच स्टॉब कंपनीची भांडी तर आतूनही काळी असतात. कुणी बनवलं ते कळत नसलेल्या जुन्या भांड्याचा आतला भाग भडक पिवळा किंवा लाल असेल, तर ते फळीवर शोभेला ठेवावं; जुन्या इनॅमलात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात.

संच कधीही विकत घेऊ नये. चार माणसांच्या घराला साडेचार-पाच लिटरचा एकच गोल गंज पुरतो: सावजी रस्सा, वडा भातातला भात, दाळ, सगळं त्यात होतं. बीड ॲल्युमिनियमच्या मानानं उष्णता सावकाश पसरवतं, पण एकदा तापलं की धरून ठेवतं. म्हणून आंच मंद ठेवायची, तेल-कांदा आधीच घालायचा आणि थोडा दम धरायचा. डाव लाकडी. घासणी मऊ. इंडक्शनवर चालतं, कारण खाली लोखंडच आहे. फक्त सरकवताना उचलून ठेवायचं, नाहीतर शेगडीच्या काचेवर ओरखडे पडतात. दुसरा रंग मग घ्यायचाच असेल, तर छोटा तवा किंवा दीड लिटरचा गंज बघावा. वजन कमी, किंमत कमी आणि ओट्यावर तो रोज दिसतो.