पंखावरचा वारा आणि संगणकाचं गणित
विमानाचं नाक प्रमाणाबाहेर वर गेलं, की हवा पंखाची पाठ सोडते आणि विमान आधार गमावतं. हा धोक्याचा कोन संगणकावर काढताना प्रत्येक भोवरा मोजणं परवडत नाही. भोवऱ्यांचा सरासरी परिणाम धरणारं प्रारूप निवडावं लागतं. जुनं के-एप्सिलॉन प्रारूप हवेला पंखाशी जास्तच चिकटवून ठेवतं, म्हणजे धोका लपवतं. इथे फ्लोरियन मेंटर यांचं १९९४चं एसएसटी प्रारूप अधिक भरवशाचं.

मग गणिताची रीत. हवेचे लहान चौकोन पाडतात. वारा येतो त्या बाजूच्या एकाच चौकोनाचा आकडा घेतला, तर हिशेब सुरळीत चालतो, पण पाण्यात शाई पसरावी तसे बारकावे पुसले जातात. दोन चौकोनांचे आकडे घेतल्यास चित्र स्पष्ट होतं. तरीही विंड टनेलमधल्या मोजमापाशी ताळा जुळल्याशिवाय त्या उत्तरावर विसंबू नये.