रविवारचा रुग्ण

रविवारी सकाळी ससूनच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरची रांग नसते. खिडक्या बंद, बाकडी रिकामी. कॅज्युअल्टीत मात्र वार बदलल्याचे जाणवत नाही. दुचाकीवरून पडलेले, छातीत दुखणारे, विष प्यायलेले, फिट आलेली लहान मुले, जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या दवाखान्यांनी ‘पुढे न्या’ म्हणून चिठ्ठी देऊन पाठवलेले, सगळे येतच राहतात. १८६७ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाला पुरता रविवार कधी मिळालेला नाही. तसा तो कुठल्याच मोठ्या रुग्णालयाला मिळत नाही. प्रश्न एवढाच, की त्या दिवशी दाखल होणाऱ्याला बुधवारी येणाऱ्याइतकेच उपचार तितक्याच लवकर मिळतात का?

हा प्रश्न मोठ्या आकड्यांनिशी विचारला तो कॅनडातल्या बेल आणि रेडेलमायर या दोन डॉक्टरांनी. ओंटारिओ प्रांतात १९८८ ते १९९७ या काळात तातडीने दाखल झालेल्या सुमारे ३८ लाख रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्यूच्या १०० प्रमुख कारणांपैकी २३ आजारांत शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांचे मृत्यू जास्त होते. पोटातली महाधमनी फुटलेल्यांत ३६ ऐवजी ४२ टक्के, फुफ्फुसात रक्ताची गुठळी अडकलेल्यांत ११ ऐवजी १३ टक्के. हृदयविकाराचा झटका आणि खुब्याचे हाड मोडणे यांत मात्र फरक दिसला नाही.

हृदयविकाराचे वेगळे उत्तर पुढे अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून आले. तिथे १९९९ ते २००२ दरम्यान शनिवार-रविवारी झटक्यासाठी दाखल झालेल्यांपैकी १२.९ टक्के रुग्ण ३० दिवसांत दगावले, इतर दिवशी १२ टक्के. म्हणजे हजारामागे नऊ माणसे जास्त. सुट्टीच्या दिवशी अँजिओप्लास्टीसारखे उपचार कमी झाले होते. तो फरक हिशेबात धरल्यावर मृत्यूंमधली तफावत कमी झाली आणि सांख्यिकीदृष्ट्या ठोस उरली नाही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन रविवारीही तेच असते. अँजिओप्लास्टीला मात्र डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिका यांना घरून बोलवावे लागते.

रुग्णालय रविवारी बंद नसते, पातळ असते. अतिदक्षता विभाग, प्रसूतिगृह, रक्तपेढी, तातडीचे ऑपरेशन थिएटर सुरू असते. ड्युटीवरचे निवासी डॉक्टर तर बहुधा शनिवारपासूनच उभे असतात. कमी असतात ते एंडोस्कोपी करणारे, फिजिओथेरपिस्ट, सोनोग्राफीतला मुरलेला हात. आणि ‘थांबायचे की आत्ताच पोट उघडायचे’ हे ठरवणारा ज्येष्ठ. तो फोनवर असतो. फोनवर ऐकलेले पोट आणि हाताने दाबून पाहिलेले पोट यांत किती अंतर असते, हे कुठल्याही सर्जनला विचारावे.

तरीही सगळे खापर रुग्णालयावर फोडणे बरोबर नाही. इंग्लंडमध्ये तसे झाले. २०१५ मध्ये तिथले आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी शनिवार-रविवारच्या जादा मृत्यूंचा दाखला देत सातही दिवस पूर्ण सेवेचा आग्रह धरला. २०१६ मध्ये कनिष्ठ डॉक्टर नव्या करारावरून संपावर गेले. ज्या संशोधकांचे आकडे वापरले गेले, त्यांनीच बजावले होते, की हे सगळे मृत्यू टाळता आले असते असे धरून चालू नका. सुट्टीच्या दिवशी किरकोळ दुखण्याचे, फॅमिली डॉक्टरांनी पाठवलेले रुग्ण कमी येतात आणि उरतात ते अधिक गंभीर. २०१६ च्याच एका अभ्यासात बुधवारच्या तुलनेत रविवारी ज्येष्ठ डॉक्टर बरेच कमी असल्याचे आढळले, पण जिथे ते सर्वांत कमी तिथे मृत्यू सर्वांत जास्त, असा मेळ काही बसला नाही. इंग्लंड-वेल्समधल्या पक्षाघाताच्या ७४ हजार रुग्णांच्या पाहणीत तर सुट्टीचे दिवस आणि इतर दिवस यांत फरकच नव्हता. फरक होता तो रात्री दाखल होणाऱ्यांत, आणि तोही कामाच्या दिवसांतल्या रात्री.

पुण्यात सगळ्यांची सुट्टीही एका दिवशी नसते. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. त्या कामगाराला ओपीडी उघडी सापडते. हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारा मुलगा शनिवार-रविवारी मोकळा असतो आणि आईला दाखवायला नेमका रविवारी बाहेर पडतो. रुग्णालयांना शोध घ्यायचाच असेल तर साधन हाताशी आहे. कॅज्युअल्टीच्या रजिस्टरात रुग्ण आल्याची वेळ असते, थिएटरच्या रजिस्टरात शस्त्रक्रिया सुरू झाल्याची. फुटलेल्या अपेंडिक्ससाठी बुधवारी किती तास गेले आणि रविवारी किती, हे मोजायला नवे यंत्र लागत नाही. एक वही आणि एक इंटर्न पुरे.

उशिराची सुरुवात मात्र पुष्कळदा घरातच होते. शनिवारी संध्याकाळी वडिलांच्या छातीत जळजळते. नेहमीचा डॉक्टर आता सोमवारीच भेटणार. मग ओव्याचे पाणी होते, अँटासिडचे दोन घोट होतात, आणि घरात पाहुणे असतील तर वडील स्वतःच म्हणतात, ‘सोमवारी दाखवू.’ घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात सरकणारी कळ, यांतले काही सोबत असेल तर ही जळजळ ॲसिडिटी समजून घरी थांबू नये. राज्यात २०१४ पासून धावणारी १०८ ची रुग्णवाहिका रविवारीही बोलावता येते.

पक्षाघातात तर हिशेब आणखी कडक. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि हे तास रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. सीटी स्कॅनही त्यातच उरकावा लागतो. शनिवारी रात्री दहाला तोंड वाकडे झाले, तर ही मुदत रविवारी पहाटे अडीचला संपते.