अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावरील पदयात्रा : पाण्याचा हिशेब

डोंगरमाथ्यावरून चार-पांच दिवस पायीं चालावयाचें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें हिमालय उभा राहतो. तेथें यात्रेचा बेत उंची आणि बर्फ या दोन गोष्टी ठरवितात. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, कन्नडपासून अजिंठ्यापर्यंत जी डोंगररांग पसरली आहे, तिच्यावर ना बर्फ, ना दम कोंडणारी उंची. येथें बेत ठरवितें तें पाणी. हें ज्यानें ओळखलें नाहीं, त्याचा जीव हा कोरडा डोंगरही धोक्यांत घालूं शकतो.

ही रांग म्हणजे दोन खोऱ्यांमधील पाणलोटाची सीमा होय. तिच्या उत्तर अंगास पडलेला पाऊस गिरणा, वाघूर अशा नद्यांवाटे तापीस मिळतो. दक्षिण अंगाचा शिवना आणि पूर्णा यांच्यावाटे गोदावरीस. माथ्यावर मात्र पाणी थांबत नाहीं. येथील काळा पाषाण लाव्ह्याचे थरांवर थर बसून झालेला आहे. भरीव थरांतून पाणी फारसें मुरत नाहीं. भेगांतून, किंवा दोन थरांच्या सांध्यांतून तें कोठें कोठें पाझरतें. श्रावणांत जेथें धबधबा कोसळतो, तेथें फाल्गुनांत ओंजळभर पाणी मिळणें कठीण. म्हणूनच जुन्या काळच्या गडकऱ्यांनीं खडकांत टाकीं खोदून घेतलीं.

आतां हिशेब करूं. ओझें घेऊन चालणाऱ्या माणसास पिण्यास व रांधण्यास मिळून दिवसाला निदान ५ लिटर पाणी हवें. एक लिटर म्हणजे एक किलो. तीन दिवसांचें पाणी १५ किलो झालें. त्यांत शिधा आणि अंथरूण-पांघरूण यांची भर घातली तर तें ओझें कोण वाहणार? तेव्हां नियम असा ठरतो : खात्रीच्या एका पाण्यापासून दुसरें पाणी एका दिवसाच्या चालीपलीकडे असूं नये. आधीं नकाशावर पाणी, मग मुक्काम, आणि शेवटीं वाट.

पश्चिमेकडून निघाल्यास पितळखोऱ्याचीं लेणीं, अंतूर, सुतोंडा, जंजाळा, वेताळवाडी आणि अखेरीस अजिंठा असा क्रम लागतो. अंतूरच्या वाटेवर फारसी लेख कोरलेला एक दिशादर्शक दगडी खांब आहे. वाटसरूची चिंता पूर्वींच्या राज्यकर्त्यांनाही होती, याची ती खूण. पाण्याच्या टांक्यांसाठीं सुतोंडा प्रसिद्ध आहे. तथापि टांकें आहे म्हणजे पाणी पिण्याजोगें आहे असें नव्हे. निघण्यापूर्वीं पायथ्याच्या गांवीं विचारपूस करावी, आणि पाणी गाळून व उकळूनच प्यावें.

मुक्काम शक्यतों गांवांतच करावा. या रांगेचा पश्चिम भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत मोडतो. १९८६ सालीं घोषित झालेल्या या सुमारें २६० चौरस किलोमीटर अरण्यांत बिबट्याचा वावर आहे. वनखात्याच्या परवानगीवांचून तेथें फिरूं नये व रात्र काढूं नये. अंतूरसाठीं नागापूर, जंजाळ्यासाठीं त्याच नांवाचें गांव, वेताळवाडीसाठीं हळदा, अशीं गांवें पठारावर आहेत. सुतोंड्यासाठीं मात्र उत्तरेकडील पायथ्याचें नायगांव जवळ करावें लागतें; त्या दिवशींचा उतार आणि पुन्हां चढ लक्षांत घेऊन चाल थोडी ठेवावी.

चालीचा अंदाज कसा बांधावा? १८९२ सालीं स्कॉटलंडमधील नेस्मिथ नांवाच्या गिर्यारोहकानें एक सोपें गणित दिलें : सपाटीवर ३ मैलांस एक तास, आणि दर २,००० फूट चढास आणखी एक तास. आपल्याकडे पाठीवरचें ओझें, करवंदीचीं जाळीं आणि ऊन जमेस धरून याची दीडपट करावी. तीन वाजेपर्यंत मुक्काम गांठतां येईल एवढीच मजल आंखावी. ऋतु म्हणाल तर दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने उत्तम.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती परतीची. ही रांग दोन्ही अंगांनीं सारखी नाहीं. उत्तरेस ती खानदेशावर तुटलेल्या कड्यांनीं उभी आहे, तर दक्षिणेस हळूहळू पठारांत मिसळते. वाट चुकली, पाणी सरलें, कोणी आजारी पडलें, तर खालीं दिसणाऱ्या खानदेशच्या दिव्यांकडे धांवण्याचा मोह होतो. तो टाळावा. अनोळखी घळींतून उतरूं लागल्यास मध्येंच धबधब्याचा कोरडा कडा आडवा येतो, आणि मग वरही जातां येत नाहीं व खालींही. दक्षिणेकडे चालावें, शेत लागेल, विहीर लागेल, माणूस भेटेल.

निघतांना रोजच्या मुक्कामांची यादी घरीं ठेवावी, आणि ठरल्या दिवशीं निरोप आला नाहीं तर ११२ या क्रमांकावर कळवावें, असें सांगून ठेवावें. माथ्यावर दूरध्वनीची खात्री धरूं नये. कड्यांवर आग्या मोहळें असतात. त्यांच्याजवळ धूर, अत्तर व आरडाओरडा वर्ज्य.

डोंगर चढणें हें पायांचें काम खरें. पण सुखरूप परत येणें हें घरीं बसून केलेल्या हिशेबाचें फळ आहे. अर्धें पाणी संपलें आणि पुढचें पाणी दृष्टीस पडलें नाहीं, तर तेथूनच मागें फिरावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. अजिंठ्याचे डोंगर पुढच्या वर्षींही तेथेंच असणार आहेत.